शेतसंरक्षणाची बंदूक: वारस, परवाना आणि न संपणारे कागद

पाणंद

नमस्कार मंडळी. आमची तळकोकणात काजूची बाग आहे, खाली मळ्यात थोडं भात. सासऱ्यांच्या नावावर शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीत बंदुकीची दारू ठासून भरायची, बंदूक होती. ते गेल्यावर नवऱ्याने ती लगेच पोलीस स्टेशनला जमा केली, पावती घेतली. आता वारस म्हणून परवाना त्यांच्या नावावर व्हावा, एवढंच मागणं आहे.

कागद द्यायला आमची ना नाही. पण काय काय कागद लागतात ते कुणी एकदाच लिहून देत नाही. सातबारा दिला तर म्हणाले, यावर सहहिस्सेदार आहेत, त्यांची संमती आणा. सहहिस्सेदार म्हणजे चुलत सासरे आणि त्यांची मुलं, कुणी ठाण्यात, कुणी विरारला. एक जण वारले, त्यांची वारस नोंदच झालेली नाही. जमतील तेवढ्या सह्या आणल्या तर सांगितलं, साध्या कागदावर चालत नाही, प्रतिज्ञापत्र करा. ते केलं तोवर आधी दिलेला डॉक्टरी दाखला जुना झाला. दर वेळी एक दिवस मोडून जिल्ह्याच्या गावी जायचं आणि पुढच्या एकाच कागदाचं नाव ऐकून परत यायचं.

इकडे रान थांबत नाही. लोंबी दुधात आली की डुकरं उतरतात. खातात त्याहून जास्त लोळून आडवं करतात. सकाळी बांधावर उभं राहिलं की भाताच्या मधोमध चिखलाची थारोळी दिसतात आणि कडेच्या उभ्या भाताला त्यांच्या अंगाचा चिखल लागलेला असतो. माकडं काजूचा हिरवा बोंडू पिरगळून, एकदा चावून खाली टाकतात. झाडाखाली असा सडा पडलेला असला की पुढे वेचायला काय राहणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वारसाच्या परवान्याला कायद्याने नेमके कोणते कागद लागतात? आणि परवाना मिळाला तर त्या बंदुकीने आम्ही नक्की काय करू शकतो? कारण गावात जो तो वेगळं सांगतो.

बाबल्या

यादी गावली तर माका पण धाडा ताई. आमचो अर्ज अजून चौकशीतच आसा.

दप्तरी

पाणंदताई, मी वकिली करतो आणि असे अर्ज बरेच हाताळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे शस्त्र नियम. २०१६ च्या नियमांत वारसांची तरतूद स्वतंत्र आहे. परवानाधारक वारला तर कायदेशीर वारस अर्ज करू शकतो. धारक हयात असला तरी त्याचं वय ७० झालं असेल किंवा त्याच्याकडे ते शस्त्र २५ वर्षं असेल, तर तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. यातलं जे आधी होईल ते धरायचं. त्यामुळे तुमचा अर्ज नव्याने बंदूक मागणाऱ्याचा नाही, वारसाचा आहे, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत ठळक लिहा.

आता सहहिस्सेदारांबद्दल. तुमच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. बंदुकीच्या वारसाहक्कासाठी सासऱ्यांच्या बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. म्हणजे सासूबाई, दीर, नणंदा. जमिनीचे सहहिस्सेदार, चुलत घराणी, हा वेगळा विषय. शेतसंरक्षणाच्या परवान्यासाठी तुम्ही किंवा घरातलं कुणी प्रत्यक्ष जमीन कसता हे दाखवायचं असतं. त्याला मालकीपेक्षा कसणुकीचा पुरावा महत्त्वाचा. सातबारातला सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. ई-पीक पाहणी मिस्टरांच्या नावाने भरली असेल तर तो उतारा जोडा. आणि सहहिस्सेदारांची संमती कोणत्या नियमाखाली मागताय, हे नम्रपणे पण लेखी विचारा.

बाकी नेहमीचे कागद: ए-१ नमुन्यातला अर्ज, फोटो, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, डॉक्टरी दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, मृत्यूचा दाखला, जुना परवाना, जमा पावती. जुन्या परवान्यावर युनिक आयडी नंबर, म्हणजे ज्याला यूआयएन म्हणतात तो, आहे का बघा. देशभरातले परवाने त्या नंबरानेच नोंदलेले असतात.

पाणंद

दप्तरीजी, पहिल्यांदाच कुणी असं सलग सांगितलं. यूआयएन आहे. ई-पीक पाहणी मीच मोबाईलवर भरते, खातं मिस्टरांचं आहे. नणंदा दोन्ही सही द्यायला तयार आहेत. चुलत्यांच्या सह्या मागत होते म्हणूनच सगळं अडलं होतं.

खाकीतून_निवृत्त

मी पोलीस खात्यात होतो आणि अशा चौकशा माझ्या हातून गेल्या आहेत. इथे सगळे चिडून लिहितील, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

परवान्याचा अर्ज आला की बीटचा अंमलदार गावात जातो. पोलीस पाटलाचा जबाब, शेजाऱ्यांचे जबाब, अर्जदारावर गुन्हे आहेत का, दारूचं व्यसन आहे का, हे बघतो. पण सगळ्यात आधी बघतो भाऊबंदकी. कोकणात बांधावरून आणि गडग्यावरून पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. ज्या घरात दिवाणी दावा चालू आहे आणि दोन्ही बाजू एकाच वाडीत राहतात, तिथे बंदुकीची शिफारस करताना हात थांबतो. उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न येतो, अहवाल कुणी दिला? म्हणून वाटण्यांची चौकशी होते. पाणंदताईंना सहहिस्सेदारांच्या सह्या मागितल्या त्यामागे हाच विचार असू शकतो.

पण कारण असलं तर ते सांगावं, हेही खरं. पोलिसांच्या अहवालाला ३० दिवसांची मुदत नियमातच आहे. ती टळत असेल तर लेखी स्मरणपत्र द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या. तोंडी विचारलेल्याची कुठेही नोंद राहत नाही.

बाबल्या

आवक नंबर! ह्या माका कोणी सांगलाच नाय.

वऱ्हाडातला_शेतकरी

आमच्या इकडं रोही, म्हणजे नीलगाय, आणि डुक्कर. तूर, हरभरा, सोयाबीन काहीच सुटत नाही. रोह्याचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला की घाटे धरायचे राहूनच जातात. थंडीत रात्र रात्र जागलीला जावं लागतं, मचाणावर बसून डबे वाजवायचे. तुम्ही बंदूक म्हणता, आमच्या गावात एकाकडेही परवाना नाही आणि कुणी मागायलाही जात नाही, कारण वकिलाचा खर्च आणि मोडलेली मजुरी धरली तर पिकाच्या नुकसानीएवढंच होतं.

आम्ही झटका मशीन लावलं. बॅटरीवर चालतं, झटका बसतो पण जनावर मरत नाही. सरकारची सौर कुंपणाची अनुदान योजना पण आहे, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना. रोह्याला उपयोग होतो, डुक्कर मात्र तारेखालून माती उकरून आत येतं. हात जोडून एक सांगतो, कुणी थेट लाईनचा करंट तारेत सोडू नका. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो.

धनेश

मी कोकणातलाच, आंबा-काजू घरचाच, आणि पंधरा एक वर्षं पक्षी-प्राणी बघत फिरतो. माझं मत इथे अनेकांना पटणार नाही, तरी मांडतो.

पाणंदताईंचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बंदूक बाळगणं शस्त्र अधिनियमाखाली येतं, जनावर मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली. कलेक्टर कचेरी पहिलं देते, दुसरं वनखात्याच्या हातात. त्या कायद्याचं ११ वं कलम वाचा. डुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे. ते जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने मारायला परवानगी देऊ शकतो, आणि मालमत्तेत उभं पीक स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी मात्र पीक हे कारणच नाही. तिथे माणसाच्या जिवाला धोका किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असणं, एवढीच कारणं. हत्ती, गवा पहिल्या परिशिष्टात आहेतच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडचं लाल तोंडाचं माकडही पहिल्या परिशिष्टात आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

म्हणजे ताई, परवाना मिळाला तरी बागेतल्या माकडावर बंदूक चालवता येणार नाही. डुकरासाठी दर वेळी वनखात्याचा लेखी आदेश हवा. आणि शेतसंरक्षणाच्या नावावर घेतलेल्या कितीतरी बंदुका रात्री भेकरामागे फिरतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मटणाच्या वाटण्या होतात तेव्हा कुणी म्हणत नाही की हे पीक वाचवायला मारलं.

राखणदार

@धनेश, कायदा बरोबर सांगितलात. पण "बंदुका भेकरामागे फिरतात" हे म्हणताना सगळ्यांना एका रांगेत बसवू नका. माझ्याकडे गेली चाळीसेक वर्षं ठासणीची आहे. मी ती माळ्यावर बसून हवेत बार काढायलाच वापरली. डुकराला आवाज कळतो, दारूचा वास कळतो. एक बार काढला की त्या रात्री परत फिरकत नाहीत. एवढ्यासाठीच बंदूक हवी असते. फटाक्यांना ती दोन-चार दिवसांत सरावतात.

आता माझं दुखणं सांगतो. निवडणूक आली की बंदूक जमा. २०२४ चंच बघा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. काजू, आंबा सगळा हंगाम त्यातच गेला. बंदूक हातात परत येईपर्यंत पाऊस सुरू. मग विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला. म्हणजे भात पिकून कापणीला येतं नेमक्या त्या दिवसांत. वर्षातले राखणीचे दोन्ही हंगाम बंदूक ठाण्याच्या खोलीत. बाकीच्या महिन्यांत ती माझ्या घरी खुंटीला, तेव्हा राखण करायला शेतात काही नसतं.

बाबल्या

डुकरांका आचारसंहितेची नोटीस कोण बजावतलो? 😀

दप्तरी

@राखणदार काका, यावर उपाय आहे आणि तो कुणी वापरत नाही. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं बरोबर नाही, प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून ठरवा, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००९ चा निकाल आहे. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्येही छाननी समिती आली. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक त्यात असतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात गुंतलेले, यांच्यावर भर द्यायचा असतो.

तुम्ही आचारसंहिता लागल्या दिवशीच छाननी समितीच्या नावाने अर्ज द्या. माझा परवाना शेतसंरक्षणाचा, माझ्यावर एकही गुन्हा नाही, या काळात माझं अमुक पीक उभं आहे, सोबत ई-पीक पाहणीचा उतारा, म्हणून शस्त्र जमा करण्यातून सूट मिळावी. मिळेलच असं नाही. पण अर्ज आला तर समितीला त्याचा विचार करावा लागतो. नोटीस आल्यावर निमूट बंदूक नेऊन दिली तर विचार करायचं कारणच उरत नाही.

राखणदार

हे छापून पंचायतीच्या बोर्डावर लावतो. आमच्या वाडीत आठ-दहा जणांकडे परवाने आहेत, सगळे म्हातारे. पुढच्या निवडणुकीला एकत्र अर्ज देऊ.

खाकीतून_निवृत्त

एकत्र देऊ नका काका. वेगवेगळे द्या. विचार प्रत्येकाचा स्वतंत्र व्हायचा असतो, एकाच्या नावावर जुना गुन्हा निघाला तर सगळ्यांचा अर्ज त्याच्यासोबत अडकेल.

नवा_भिडू

वाचून एक शंका आली. बंदुकीला एवढे सोपस्कार, तर क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य, का घेऊ नये? ऑनलाइन दिसतात. आवाज नाही, दारू नाही. मामाच्या बागेत डुकरासाठी घ्यावा म्हणतो. परदेशात लोक त्यानेच हरणं मारतात ना?

दप्तरी

थांबा. वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या हत्यारावर अवलंबून नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष टाकणं, यातलं काहीही शिकार आहे, आणि जखमी करणंही त्यात येतं. लेखी परवानगी नसेल तर क्रॉसबोने मारलेलं डुक्कर आणि बंदुकीने मारलेलं डुक्कर यात कायद्याला फरक नाही. छऱ्याच्या एअरगनचंही तेच. ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून ती माकडावर चालवायची मुभा मिळत नाही.

धनेश

आणि क्रॉसबोचा बाण लागलेलं डुक्कर तिथेच पडत नाही हो. जखमी होऊन रानात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

ओंटारियोकर

क्रॉसबोचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मूळचा चिपळूणचा, आता कॅनडात ओंटारियोत. मी स्वतः शिकार करत नाही, पण बरोबर काम करणारे दोघे दर शरद ऋतूत क्रॉसबो घेऊन हरणाच्या शिकारीला जातात, त्यामुळे त्यांचे कागद जवळून बघितलेत.

क्रॉसबो ठेवायला इथे बंदुकीचा परवाना लागत नाही. पण एका हाताने रोखून सोडता येणारा किंवा ५०० मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असलेला क्रॉसबो पूर्ण बेकायदा. शिकारीला जायचं तर आधी शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम, परीक्षा, मग आउटडोअर्स कार्ड, मग त्या वर्षाचा हरणाचा परवाना. हरणासाठी क्रॉसबोचा ताण किमान ४५ किलो, मूस या मोठ्या हरणासाठी ५४ किलो. बाणाचं पातं किमान २२ मिलिमीटर रुंद आणि दोन धारांचं. हे कशासाठी, तर धनेश म्हणतात त्याचसाठी, जनावर अर्धमेलं पळू नये म्हणून. हंगाम संपला की काय मारलं, काही मारलं नसलं तरी, याचा अहवाल भरावा लागतो.

माझे सहकारीही नियमांवर कुरकुरतात. जागा बदलली, भाग बदलला की तारखा बदलतात, पुस्तिका वाचता वाचता वैताग येतो म्हणतात. पण ती पुस्तिका दर वर्षी छापून, ऑनलाइन, सगळ्यांसाठी एकच असते. पाणंदताईंना पुढच्या खेपेला कोणता नवा कागद मागतील ते कळत नाही, तसं इथे होत नाही. नियम कडक असावेत, माझी काही हरकत नाही. ते भिंतीवर लावलेले असावेत.

पाणंद

@ओंटारियोकर, अगदी हेच. मला सवलत नको आहे. प्रशिक्षण द्या, तपासणी करा, घरी येऊन बंदूक कुठे ठेवतो ते बघा. फक्त पहिल्या दिवशी सांगा.

@धनेश, माकडाबद्दल सांगितलंत ते मला खरंच माहीत नव्हतं. गावात तर सगळे म्हणतात बंदूक आली की माकडं गेली. मग माकडांचं करायचं काय?

धनेश

सोपं उत्तर नाही ताई. माकडं पकडून दुसरीकडे सोडली की त्या गावाचं दुखणं वाढतं. राखण, कुत्रे, आणि ज्या झाडांवरून ती बागेत उतरतात त्या फांद्या छाटणं, एवढंच सध्या हातात आहे. नुकसान भरपाईचा अर्ज मात्र न चुकता करा. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनखात्याकडे कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. लोक म्हणतात भरपाई तुटपुंजी, म्हणून करत नाहीत. पण पंचनामेच नाहीत तर सरकारदरबारी आपल्या गावात नुकसानच नाही.

आणि माकडं पळवायला पाइपची कार्बाइडची बंदूक, म्हणजे कार्बाइडच्या गॅसवर मोठा आवाज काढणारा पाइप, वापरू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच पाइपांमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली.

राखणदार

@धनेश, फांद्या छाटून माकड थांबत असतं तर मी बंदूक विकली असती. पण पंचनाम्याचं पटलं.

वऱ्हाडातला_शेतकरी

केरळात २०२२ मध्ये डुकराबाबतचे अधिकार पंचायत अध्यक्षांना दिले. गावातच अर्ज, गावातच निर्णय, परवानाधारक नेमबाजाला बोलावतात. आपल्याकडे असं झालं तर प्रत्येकाला बंदूक घ्यायची गरजच नाही. दोन गावांत मिळून एक प्रशिक्षित माणूस पुरे.

धनेश

यावर मी तुमच्या बाजूने आहे. बंदुका कमी, हात शिकलेले, प्रत्येक गोळीचा हिशोब लेखी. मादीला पिल्लं आहेत का, मेलेलं जनावर पुरलं की खाल्लं, सगळ्याची नोंद झाली पाहिजे.

खाकीतून_निवृत्त

अधिकार गावात आले की गावचं राजकारणही आलं. विरोधी पार्टीच्या शेतकऱ्याचा अर्ज महिनाभर पडून राहील. त्यापेक्षा वनक्षेत्रपालांनाच ठरावीक तासांचं बंधन घाला.

नवा_भिडू

क्रॉसबोचा विचार सोडला. मामाला सौर कुंपणाची माहिती पाठवली.

ठासणीवाला

उशिरा आलो, पण एक मुद्दा राहिलाय. ठासणीची बंदूक चालवायला दारू आणि ती पेटवणाऱ्या टोप्या, म्हणजे केपा, लागतात, आणि त्या विकणारं दुकान जवळपास उरलेलं नाही. पावसाळ्यात दारू दमट होते, बार फुसका जातो. आमच्याकडे नवीन अर्जदारांना सांगतात, शेतसंरक्षणाला ठासणीचीच मिळेल, काडतुसाची मिळणार नाही. हे खरं आहे का?

दप्तरी

पूर्ण खरं नाही. शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात शेतसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक म्हटलंय, पण त्यालाच जोडून परंतुक आहे. ठासणीची बंदूक पीक राखायला पुरेशी नाही असं परिस्थिती पाहून अधिकाऱ्याला पटलं, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देऊ शकतो. तेव्हा अर्जात लिहा की केपा आणि दारू मिळण्याचं सर्वांत जवळचं ठिकाण किती लांब आहे, पावसाळ्यात काय होतं, कोणतं जनावर किती संख्येने येतं. आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी मागा. ती नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याविरुद्ध १८ व्या कलमाखाली अपील करता येतं. "तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही" एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे. लहान शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ठासणीवाला

हे परंतुक आजवर कुणी दाखवलं नव्हतं. आभारी आहे.

पाणंद

मंडळी, पुढे काय झालं ते सांगते, कारण बरेच जण विचारत होते.

दप्तरीजींनी लेखी विचारा म्हटलं होतं, म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावून एवढंच विचारलं: शेतसंरक्षण परवाना वारसाच्या नावे करताना लागणाऱ्या कागदपत्रांची यादी द्यावी, आणि जमिनीच्या सहहिस्सेदारांची संमती ज्या नियमाखाली मागितली जाते त्या नियमाची प्रत द्यावी. मुदतीत उत्तर आलं. यादी आली, शिक्क्यासकट. त्यात सहहिस्सेदारांच्या संमतीचा उल्लेख नाही. नियमाच्या प्रतीबद्दल "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर आहे.

यादीप्रमाणे सगळा गठ्ठा लावून, नणंदांची आणि सासूबाईंची ना हरकत जोडून, पोच घेऊन अर्ज दिलाय. आता पोलीस चौकशी चालू आहे. बीटचे अंमलदार घरी येऊन गेले, कपाट बघितलं, कुलूप बघितलं, नीट बोलले.

परवाना आला तर बंदूक बार काढण्यापुरतीच असं आमचं ठरलंय. डुकरासाठी वनखात्याला वेगळा अर्ज करणार आहोत. या वेळी नुकसान झालं त्याच दिवशी पंचनाम्याचं कळवलं, फोटो काढले.

बाबल्या

ती यादी हंय टाका ताई, नाव-गाव झाकून.

पाणंद

टाकते. पण आधी दप्तरीजींनी एकदा नजर टाकावी, जिल्ह्याजिल्ह्यात फरक असेल तर.

दप्तरी

पाठवा. नियम देशभर एकच आहेत, मात्र प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कुठून घ्यायचं हे प्रत्येक जिल्ह्यात वेगळं असतं, तेवढं मी खाली लिहितो. आणि सगळ्यांनी आपापल्या परवान्याची तारीख आज बघून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे लोक विसरतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा असतो.

राखणदार

माझं वय ७३. मुलगा पुण्याहून परत आलाय, शेती तोच बघतो. मी असतानाच त्याच्या नावावर करता येईल म्हणालात ना वर?

दप्तरी

हो काका. सत्तरीही झाली, पंचवीस वर्षंही झाली. तुम्ही नाव सुचवायचं, अर्ज मुलाने करायचा. बाकीच्या मुलांची ना हरकत आत्ताच घेऊन ठेवा.